सून सापडते, लेक हरवते

घरोघरच्या सर्वेक्षणात सुनेचा माग लागतो, लेकीचा लागत नाही. एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, अशी सर्वेक्षणाची व्याख्या आहे. लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरच्या यादीतून गळते आणि दुसऱ्या गावच्या यादीत ‘मुलाची पत्नी’ म्हणून उगवते. या दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत, हे जोडणारा दुवा कुठेच नसतो.

त्यामुळे लग्नामुळे होणाऱ्या स्थलांतराचा सगळा तपास सासरच्या बाजूने करावा लागतो. समजा एका बाईचं वय 32, या गावात राहायला येऊन झालेली वर्षं 13 आणि लग्नाच्या वेळचं वय 19. बत्तिसातून तेरा वजा केले की एकोणीसच उरतात, म्हणजे ती लग्न होऊनच या गावात आली. उत्तर चोवीस आलं असतं तर चित्र वेगळं असतं: लग्नानंतर पाच वर्षांनी ती इथे आली, बहुधा नवऱ्याच्या कामामागे. वय अंदाजाने सांगितलं जातं, बरेचदा सासूच सांगते. म्हणून एक-दोन वर्षांचा फरक अभ्यासक सोडून देतात.

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात तर स्थलांतराचं कारण थेटच विचारलं होतं. जुलै 2020 ते जून 2021 मधल्या त्या पाहणीत 47.9 टक्के स्त्रिया स्थलांतरित निघाल्या, तर पुरुष 10.7 टक्के. या स्त्रियांपैकी 86.8 टक्के जणींचं कारण विवाह. एवढं मोठं स्थलांतर, पण ‘लग्न होऊन आली’ म्हटलं की आपली चौकशी संपते.

ती संपू नये, याचं उत्तम उदाहरण आपल्याच कोरडवाहू गावांतलं आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने 1975 पासून काही गावांतल्या ठरावीक कुटुंबांची वर्षानुवर्षं माहिती घेतली. त्यात सोलापूरची शिरापूर आणि कळमण ही गावं होती, अकोल्याची कान्झरा आणि किनखेडही. ही माहिती वापरून मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क या अर्थतज्ज्ञांनी 1989 मध्ये दाखवलं की, ज्यांच्या शेतीचं उत्पन्न जास्त बेभरवशाचं, त्यांच्या सोयरिकी जास्त लांबच्या. दुष्काळ पडला की शेजारच्या गावातले व्याहीही त्यातच होरपळतात. लांबच्या व्याह्यांकडे मात्र पाऊस झालेला असू शकतो. अशा सोयरिकी असलेल्या घरांत वाईट वर्षीही खाण्यापिण्याची ओढाताण कमी दिसली. पीकविमा नव्हता तेव्हा तो भार लेकींनी वाहिला. तिला कुठे द्यायचं हे ठरवताना घरच्यांनी पावसाचा हिशेब बोलून दाखवला असेलच असं नाही, पण आकड्यांत तो उतरला आहे.

हे कळलं कारण सोयरीक किती अंतरावरची, हे कुणीतरी विचारलं होतं. भारत मानव विकास सर्वेक्षणानेही 2004-05 आणि 2011-12 मध्ये विवाहित स्त्रियांना असे प्रश्न विचारले: माहेरी जायला किती वेळ लागतो, किती वेळा जाणं होतं, नवरा निवडताना तुमचं मत घेतलं का. माझ्या मते स्थलांतराच्या प्रत्येक पाहणीत हे प्रश्न हवेत. लग्न होऊन गेलेल्या मुली कुठे आहेत, हेही माहेरच्यांना विचारायला हवं.

कारणाचा रकाना हा आणखी एक अडथळा. तिथे एकच कारण बसतं. पुण्यात संसार थाटून नोकरीला लागलेली मुलगी कायम ‘विवाह’ या खान्यातच राहते. बीडकडे ऊसतोडीला ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. काही घरांत पोरीचं लग्नच हंगामाच्या तोंडावर उरकलं जातं. तिथे लग्न आणि मजुरी वेगळी कशी काढणार? शिवाय स्थलांतराच्या मुख्य प्रश्नाला साधारण सहा महिन्यांच्या मुक्कामाची अट असते. ऊसतोडीचा हंगाम बहुधा त्याआधीच आटोपतो. म्हणजे ती सासरी आली एवढंच नोंदलं जातं. तिथून दरवर्षी फडावर जाते, ते स्वतंत्र प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही.