इ सोलिती इन्योती

‘इ सोलिती इन्योती’ हा मारिओ मोनिचेल्ली (१९१५–२०१०) यांनी दिग्दर्शित केलेला इटालियन विनोदी चित्रपट १९५८ साली प्रदर्शित झाला. रोममधले पाच कफल्लक भुरटे चोर गहाणपेढीची तिजोरी फोडायला निघतात आणि भलतीच भिंत फोडून बसतात, एवढेच त्याचे कथानक. ‘कोमेदिया आल्लितालियाना’ (इटालियन धाटणीची विनोदिका) या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या चित्रप्रवाहाची सुरुवात सहसा इथूनच धरली जाते.

नावाचा शब्दशः अर्थ ‘नेहमीचेच अज्ञात’. चोरी झाली आणि चोर सापडला नाही, की इटालियन वर्तमानपत्रे हे शब्द छापत. मराठी वाचकाला ते समजावून सांगायला नको. आपल्याकडच्या बातम्यांतले ‘अज्ञात चोरटे’ हेच. इंग्रजीभाषक देशांत चित्रपट ‘बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट’ या नावाने गेला आणि नावातली ही गंमत वाटेतच हरवली.

गोष्ट सुरू होते ती मोटार चोरताना पकडल्या गेलेल्या कोझिमोपासून. त्याच्या डोक्यात गहाणपेढी लुटण्याचा बेत घोळतो आहे, पण त्यासाठी तुरुंगाबाहेर तर पडायला हवे. म्हणून त्याच्या जागी गुन्हा कबूल करणारा कोणी निष्कलंक माणूस शोधायचा. अशा माणसाला ही मंडळी ‘मेंढी’ म्हणतात. पैसे घेऊन आत जायला तयार होतो तो पेप्पे, पडेल मुष्टियोद्धा. त्याचा कबुलीजबाब पोलिसांना पटत नाही आणि आता दोघेही आत. पेप्पे तीन वर्षांची शिक्षा झाल्याचे रडगाणे गातो, कोझिमोकडून सगळा बेत काढून घेतो आणि मग सांगतो, शिक्षा एकच वर्षाची, तीही स्थगित! तो बाहेर पडतो आणि बेत आपलाच समजून टोळी जमवतो.

मोंते दी पिएता ही इटलीतली जुनी सार्वजनिक गहाणपेढी. अडल्यानडल्याने चीजवस्तू ठेवून चार पैसे न्यावेत, अशी सोय. म्हणजे ज्या तिजोरीवर या पाचजणांचा डोळा आहे, तिच्यात बरेचसे डाग त्यांच्यासारख्याच घरांतले असणार. चित्रपट हे बोलून दाखवत नाही. कोझिमो पुढे सुटतो आणि एकटाच पिस्तूल घेऊन तिथल्या खिडकीवर उभा राहतो, तेव्हा कारकून ते पिस्तूल शांतपणे हातात घेतो, उलटसुलट बघतो आणि गहाण ठेवायला आणले आहे असे समजून किंमत सांगतो. पुढे कोझिमो एका बाईची पर्स ओढायला जातो आणि ट्रामखाली सापडून मरतो. विनोदी चित्रपटात असा खराखुरा मृत्यू येऊ देणे हे त्या काळी धाडसच होते.

१९५५ च्या ‘रिफिफी’ या फ्रेंच चित्रपटात अर्ध्या तासाची दरोड्याची प्रसिद्ध मालिका संवाद आणि संगीताशिवाय चालते. मोनिचेल्लींनी त्या काटेकोर ‘शास्त्रशुद्ध’ चोरीचीच खिल्ली उडवली आहे. इथे शास्त्र शिकवायला येतो दान्ते क्रुचानी, तिजोऱ्या फोडण्यातला निवृत्त उस्ताद. ही भूमिका तोतो या इटलीच्या लाडक्या विनोदवीराची. गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये, तो एखाद्या प्राध्यापकाच्या थाटात वर्ग घेतो. तिजोरीचे आकडे टिपायला टोळीतल्या तिबेरिओने कॅमेरा पैदा केलेला असतो. हाताला खोटे प्लास्टर बांधून त्याने तो पोर्ता पोर्तेझेच्या बाजारातून लांबवलेला. नंतर कॅमेऱ्याचा मालक त्याला गाठतो आणि तोच हात खरोखर मोडतो. चित्रीकरणही काही धड होत नाही: ऐन मोक्याच्या क्षणी दोरीवरचे कपडे आडवे येतात.

शेवटी गहाणपेढीला लागून असलेल्या बिऱ्हाडात टोळी शिरते. भोक पाडताना पाण्याचा नळ फुटतो. तरीही नेटाने भिंत पाडली जाते, आणि पलीकडे दिसते त्याच घरातले स्वयंपाकघर. मग चोर काय करतात? काबुली चण्यांचा पास्ता सापडतो, तो गरम करून टेबलाभोवती बसतात आणि खातात. चित्रपटातला सर्वांत निवांत प्रसंग हाच. ही माणसे मूर्ख म्हणून फसतात असे अनेकदा लिहिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. टोळीतला कपान्नेल्ले हा म्हातारा तर पहिल्यापासून कुठे काही खायला मिळते का, एवढेच बघत असतो. त्याच्यापुरता दरोडा यशस्वीच म्हणायचा. या प्रसंगामागे इटालियन लेखक इतालो काल्विनो यांची मिठाईच्या दुकानातल्या चोरीवरची कथा आहे.

पात्रनिवडीचे किस्से बरेच आहेत. पेप्पे झालेले व्हित्तोरिओ गासमान तोवर रंगभूमीवरचे गंभीर नट. निर्माते साशंक होते, मोनिचेल्ली हटून बसले. नाक आणि कपाळ रंगभूषेने बदलले, बोलण्यात तोतरेपणा आणला, आणि गासमान यांचे पुढचे अर्धे आयुष्य विनोदाकडे वळले. तिबेरिओ म्हणजे मार्चेल्लो मास्त्रोयान्नी: छायाचित्रकार, पण कॅमेरा विकून बसलेला; बायको सिगारेटच्या तस्करीपायी तुरुंगात, तान्हे मूल याच्या काखेत. बहिणीला कड्याकुलपात ठेवणारा सिसिलियन फेरिबोत्ते मात्र सार्डिनियाच्या तिबेरिओ मुर्जा यांनी केला. ते हॉटेलात भांडी घासत होते, अभिनयाचा अनुभव शून्य. बहिणीच्या छोट्या भूमिकेत क्लाउदिया कार्दिनाले आहेत. पिएरो उमिल्यानी यांचे जॅझ संगीत इटालियन चित्रपटाला तेव्हा नवेच होते.

चित्रपटाला परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळाले. पारितोषिक जॅक ताती यांच्या ‘मों ऑन्क्ल’ने नेले. १९५९ आणि १९८५ साली पुढचे भाग निघाले, दोन्ही वेगळ्या दिग्दर्शकांचे. अमेरिकेत ‘क्रॅकर्स’ (१९८४) आणि ‘वेलकम टू कॉलिनवूड’ (२००२) ही रूपांतरे झाली.

मूळ चित्रपटाच्या अखेरीस पहाट झालेली असते. पोलिसांना चुकवता चुकवता पेप्पे बांधकामावर निघालेल्या मजुरांच्या गर्दीत घुसतो आणि गर्दी त्याला फाटकाच्या आत रेटत नेते. बाहेर राहिलेला कपान्नेल्ले घाबरून ओरडतो, अरे, तिथे तुला काम करायला लावतील!