मफलरवरची आडनावं आली कुठून?

स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या रॉयल माईल या रस्त्यावरून किल्ल्याकडे चढत जाताना भेटवस्तूंच्या दुकानांची रांगच लागते. कुठल्याही दुकानात शिरा, मफलरींच्या मांडणीपाशी पाय थांबतातच. प्रत्येक घडीवर एक आडनाव: मॅकडोनाल्ड, कॅम्पबेल, मॅकफर्सन. ज्या कुळाच्या त्या चौकड्या. ही परंपरा हजारेक वर्षांची असावी, असंच वाटतं. हे चौकड्यांचं कापड, म्हणजे टार्टन, जुनं आहेच; पण कुळागणिक केलेली ही वाटणी जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यात व्यापाऱ्यांच्या वह्यांचा मोठा हात आहे.

त्याआधी या कापडाने फार सोसलं. १६ एप्रिल १७४६ रोजी स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या माळावर जॅकोबाइटांचं, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचं, बंड चिरडलं गेलं आणि पार्लमेंटने हायलँडी, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पोशाखावर बंदी घातली; टार्टन त्यातच आलं. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, पुन्हा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. बायकांना आणि सैनिकांना तेवढी सूट. बंदी उठली १७८२ मध्ये. अंगावरचं कापड हाच गुन्हा ठरलेल्या त्या माणसांची आठवण झाली, की ती मफलर नुसती चाळून परत ठेवावीशी वाटत नाही.

मधल्या काळात बॅनकबर्नचे विल्सन हे विणकर सैन्याच्या पलटणींसाठी टार्टन विणत राहिले. त्यांच्याकडे बऱ्याच नक्ष्यांना नुसता क्रमांक असे. आज मॅकफर्सनांची म्हणून विकली जाणारी नक्षी आधी १५५ क्रमांकाची होती. किड नावाच्या गिऱ्हाइकाने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांच्या कपड्यांसाठी ती घाऊक घेतली, म्हणून तिला 'किड' म्हणू लागले. कुळाचं नाव तिला नंतर मिळालं.

ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. सोहळ्याची सूत्रं कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटच्या हाती होती. कुळप्रमुख आपापल्या टार्टनमध्ये हजर राहणार म्हटल्यावर माग दिवसरात्र चालू लागले आणि नक्ष्यांना आडनावं चिकटली, ती कायमची. पुढे राणी व्हिक्टोरियाने स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलला घर केलं आणि टार्टनची हौस इंग्लंडभर पसरली.

त्याच दुकानात शेजारच्या खणात कोयरीच्या शाली असतात. नक्षी काश्मीरची, एकोणिसाव्या शतकात ग्लासगोजवळच्या पेझली गावच्या मागांवर तिची नक्कल होऊ लागली. आज निम्मं जग आपल्या कोयरीला त्या गावाच्या नावाने ओळखतं.