घरी विमान बांधताना भोक कोणी पाडायचं?

ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन तुकडे एकावर एक ठेवायचे, भोकं जुळवायची आणि क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिनांनी ते तात्पुरते आवळायचे. मग सगळं पुन्हा सुटं करून एकेका भोकाची कड घासायची, कारण तिथे राहिलेल्या बारीक कुसातून पुढे तडा सुरू होऊ शकतो. त्यानंतर रिवेट, म्हणजे दोन पत्रे कायमचे जोडणारी धातूची खीळ. एका बाजूने हवेवर चालणारी गन, दुसऱ्या बाजूने हातात घट्ट धरलेला पोलादी ठोकळा. चेपलेलं डोकं रिवेटच्या व्यासाच्या साधारण दीडपट रुंद झालं की काम जमलं. धातूच्या विमानाचं किट, म्हणजे जोडायच्या भागांचा संच, घेणारा माणूस हे हजारो वेळा करतो. पण त्याच्या हाती येणाऱ्या पत्र्यावर भोकं आधीच पाडलेली असतात, आणि तिथवर पोचायला बराच काळ जावा लागला.

सुरुवातीला मिळायचे ते फक्त आराखडे. ब्राझीलचे वैमानिक सांतोस-द्युमों यांनी आपल्या ‘देमोआझेल’ या बांबूच्या छोट्या विमानाचं पेटंट घेतलं नाही. त्याचे आराखडे 1910 मध्ये अमेरिकी मासिकात छापून आले. साहित्य शोधणं, मोजणं, कापणं सगळं बांधणाऱ्याकडेच. पुढे अमेरिकेत एड हीथ यांनी ‘पॅरासोल’चं किट विकायला काढलं आणि मिनेसोटात बर्नार्ड पीटनपोल यांनी फोर्ड मोटारीचं इंजिन लाकडी विमानावर चढवलं.

फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यांचं ‘पू-द्यु-सिएल’ 1933 मध्ये उडालं आणि युरोपभर लोक ते बांधायला लागले. मागोमाग जीवघेणे अपघात सुरू झाले. या विमानात पुढचा पंखच तिरपा करून नाक वर-खाली करायचं. नाक खोल खाली गेल्यावर वैमानिक दांडा मागे ओढायचा. पण पुढच्या पंखाची मागची कड मागच्या पंखाच्या इतकी जवळ यायची, की मधल्या फटीतून धावणाऱ्या हवेने मागच्या पंखाचीच उचल वाढायची आणि नाक आणखी खाली जायचं. 1936 मध्ये वायुबोगद्यात अख्खं विमान ठेवून हे तपासलं गेलं. मला हा या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा धडा वाटतो. ज्यांनी हौसेने, मन लावून बांधलं त्यांचे प्राण आराखड्यातल्या दोषाने गेले.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धापर्यंत घरी बांधलेल्या विमानाला कायद्यात नीटशी जागा नव्हती. ती मिळावी म्हणून जॉर्ज बोगार्डस 1947 मध्ये ‘लिटल जी बी’ हे घरी बांधलेलं विमान ओरेगॉनहून थेट वॉशिंग्टनला घेऊन गेले. आपली विमानं सुरक्षित आहेत हे उडवूनच दाखवायचं, असा त्यांचा निश्चय होता. हळूहळू हौशी बांधणीचा स्वतंत्र वर्ग मान्य झाला, आणि 1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमध्ये ईएए ही हौशी बांधणाऱ्यांची संघटना उभी केली.

सत्तरच्या दशकात दोन वाटा फुटल्या. बर्ट रुटान यांच्या ‘व्हॅरीईझी’त फोमचे पंख तापलेल्या तारेने कापायचे आणि त्यावर फायबरग्लास चढवायचं, साचा लागतच नाही. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांची आरव्ही विमानं मात्र धातूची राहिली. पुढे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर भोकं अचूक पडू लागली, तसं विमान सरळ धरून ठेवणारा अवजड लाकडी सांगाडा उभारायची गरज जवळपास संपली. भोकं जुळली म्हणजे आकार जुळला. माझ्या मते घरच्या गॅरेजात विमान खऱ्या अर्थाने आलं ते यामुळे.

पण मग ते ‘घरी बांधलेलं’ किती? अमेरिकी नियम सांगतो की बांधकामाचा मोठा भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेला असावा. बोलीभाषेत हाच ‘51 टक्क्यांचा नियम’. त्यामुळे किट बनवणारी कंपनी किती काम करून देऊ शकते, याला कुंपण आहे. पहिलं उड्डाण झाल्यावरही विमान ठरावीक हद्दीत, सहसा 25 किंवा 40 तास उडवून तपासावं लागतं.

बांधणारा अर्ज करून त्या एका विमानापुरतं दुरुस्तीचं प्रमाणपत्र मिळवू शकतो आणि दरवर्षीची तपासणी स्वतः करू शकतो. तेच विमान उद्या विकलं तर हा हक्क घेणाऱ्याकडे आपोआप जात नाही. भोकांच्या कडा त्याने घासलेल्या नसतात.