कबुली आणि साक्ष: एकाच ठाण्यातले दोन जबाब

"कबूल केलान ना त्याने? पेपरात फोटोसकट आलं होतं. मग हायकोर्टातून सुटला कसा?"

काकी खळ्यात आमसुलं पालटत होत्या. कोर्टाला सुट्टी लागली म्हणून मी गावी आलो होतो. इतकी वर्षं फौजदारी वकिली करतोय, तरी हा प्रश्न आला की दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, कारण घोळ मुळात शब्दातच आहे. ज्याने पाहिलं त्याचाही पोलीस ठाण्यात 'जबाब' घेतात आणि ज्याच्यावर संशय आहे त्याचाही 'जबाब'च घेतात. तेच टेबल, तसाच कागद, लिहिणारा हातही बहुतेक वेळा तोच. पुढे कोर्टात मात्र दोघांची वाट पार वेगळी होते.

एक घर डोळ्यासमोर आणा. दापोली-गुहागरकडचं, आगराच्या टोकाला, शेजार हाकेपलीकडे. मुलं मुंबईला, घरात दोन म्हातारी माणसं. श्रावणातली रात्र, पावसाने लाइट गेलेली. तिघे जण मागच्या पडवीतून शिरतात. आजोबा आडवे जातात, त्यांच्या डोक्यात पहार बसते. आजीच्या हातातल्या पाटल्या आणि गळ्यातली बोरमाळ ओरबाडून ते पळतात. (तिघे म्हणून ही जबरी चोरी. पाच किंवा जास्त असते तर दरोडा झाला असता, आणि दरोडा घालताना एकाने खून केला तरी त्यात सामील असलेले सगळेच त्याला जबाबदार धरले जातात.)

दुसऱ्या दिवशी आजीचा जबाब होतो. आठवड्याने एक जण हाती लागतो आणि कोठडीत त्याचाही जबाब होतो. पेपरात येतं, 'आरोपीची गुन्ह्याची कबुली'. वाडीच्या हिशेबी खटला तिथेच संपतो.

कोर्टात त्या कबुलीला उंबराही ओलांडता येत नाही. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, आणि पोलीस कोठडीत असताना दुसऱ्या कुणापुढे दिलेलीही नाही, मॅजिस्ट्रेट समक्ष हजर असल्याशिवाय. भारतीय साक्ष अधिनियमाचं हे कलम 23. हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू झाला, पण नियम जुनाच आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात तो कलम 25 आणि 26 मध्ये होता, आणि त्याआधी 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होता. मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशीचा अहवाल 1855 साली आला होता. माणसाकडून कबुली कशी काढली जाते, ते त्यात कागदावर आलं होतं.

"पण त्याने खरंच खून केला असेल तर?" काकींनी विचारलं. असेलही. पण कोर्टाला ते कळणार कसं? राज्यघटनेच्या कलम 20(3) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही. म्हणजे 'तो असं बोलला' हे सांगायला पिंजऱ्यात येणार ते तपासी अंमलदारच. बंद खोलीत काय झालं, ते तिसऱ्या कुणी पाहिलेलं नसतं. कबुली चालते ती मॅजिस्ट्रेटसमोर, 'कबुली देण्याचं तुझ्यावर बंधन नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल' हे आधी समजावून घेतलेली. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा लागला तर पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची कबुलीही चालते, पण तो अपवाद झाला.

पोलिसांपुढच्या कबुलीलाही एक लहानशी खिडकी आहे, आणि खरी गल्लत तिथेच होते. निवेदन पंचनाम्यात, म्हणजे वकिलांच्या बोलण्यातल्या मेमोरंडममध्ये, वाक्य साधारण असं येतं: "ज्या पहारेने मी म्हाताऱ्याला मारलं ती पहार मी व्हाळाकाठच्या मांगरात गवताखाली लपवून ठेवली आहे, ती काढून देतो." दोन पंच, पोलीस आणि आरोपी गाडीतून मांगरापाशी जातात. गवत उपसतात, पहार निघते, ती कागदात गुंडाळून लाखेचं सील लावतात, लेबलावर पंचांच्या सह्या होतात. आता त्या वाक्याचं काय? 'मांगरात गवताखाली लपवून ठेवली आहे, काढून देतो' एवढाच तुकडा ग्राह्य. 'ज्या पहारेने मी म्हाताऱ्याला मारलं' हा भाग वगळायचा. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील कोर्टाने, 1946 साली पुलुकुरी कोट्टाया प्रकरणात हेच सांगितलं आणि आजही तेच चालतं. या तुकड्यावरून सिद्ध काय होतं? पहार तिथे आहे हे त्याला ठाऊक होतं, इतकंच. ती खुनात वापरली गेली होती, हे रक्ताच्या तपासणीतून आणि बाकीच्या पुराव्यातून वेगळं दाखवावं लागतं. बोरमाळ त्याच्याकडे लगेच सापडली तर तो चोर आहे किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा आहे, असं अनुमान कोर्ट काढू शकतं. पण तीन महिन्यांनी सापडली तर त्या अनुमानात फारसा दम उरत नाही.

आता आजीचा जबाब. ठाण्यात लिहिलेला तो कागद म्हणजेसुद्धा पुरावा नव्हे, हे ऐकून लोक चकित होतात. त्यावर तिची सहीही घेत नाहीत. तिचा पुरावा म्हणजे ती शपथेवर कोर्टात जे सांगेल ते. कागदाचा उपयोग मुख्यतः तिला खोडून काढायला. उलटतपासात वकील विचारतो, "एकाच्या भुवईवर वण होता हे पोलिसांना सांगितलं होतं का?" आणि कोकणातल्या काय, महाराष्ट्रातल्या प्रत्येक कोर्टात रोज ऐकू येणारं उत्तर येतं: "सांगितलं होतं. जबाबात का लिहिलं नाही, त्याचं कारण सांगता येणार नाही." वण खरा असेलही. पण पहिल्या दिवशी कागदावर आला नाही, तर दोन वर्षांनी त्याचं वजन घटतं.

मग उजेडाचे प्रश्न. लाइट नव्हती, मग चेहरा दिसला कशाने? बॅटरी कुणाच्या हातात होती? चोराच्या हातात असेल तर झोत आजीच्या डोळ्यांवर, त्याचा चेहरा अंधारात. देवापुढचा दिवा होता का, तो किती अंतरावर? तोंडाला फडकं होतं का? माणूस आधीचा ओळखीचा होता का? हे प्रश्न मला आजही जड जातात, कारण समोर बसलेल्या बाईचं कुंकू गेलेलं असतं. पण विचारावेच लागतात. अंधारात क्षणभर पाहिलेला चेहरा खात्रीने चुकीचा सांगणारी माणसं खोटारडी नसतात.

अनोळखी आरोपी असेल तर ओळख परेड. आपल्याकडच्या सूचनांप्रमाणे एका आरोपीबरोबर निदान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं, तीही त्याच्यासारखीच दिसणारी, आणि तोवर आरोपीचा चेहरा झाकलेला. परेडही मूळ पुरावा नव्हे. मूळ ओळख कोर्टातली, परेड तिला फक्त बळ देते. आणि ते बळ आपणच घालवतो. माझ्या एका खटल्यात आरोपीचा फोटो परेडच्या चार दिवस आधी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला होता. साक्षीदार बाईंनी त्याला बरोबर ओळखलं. पण ते आठवणीतून की मोबाइलवरून, हे कुणालाच सांगता येईना.

साक्षीदार किती हवेत, याचं बंधन मात्र नाही. एकट्या आजीच्या साक्षीवरही जन्मठेप होऊ शकते. 1957 च्या वडिवेलू थेवर निकालात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि मधले. पहिला एकच पुरे, दुसरे कितीही आले तरी फुकट. मधल्याला मात्र दुसरा आधार लागतो.

अपिलात या दोन जबाबांतला फरक उघडा पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गची अपिलं ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. तिथे साक्षीदार पुन्हा येत नाही, नोंदवलेली साक्ष वाचली जाते. खालच्या कोर्टाने चुकून कबुली वाचली असेल तर अपिलात ती बाजूला काढतात आणि विचारतात, आता उरलं काय? केवळ अग्राह्य पुरावा आत आला म्हणून निकाल आपोआप पडत नाही, साक्ष अधिनियमाचं कलम 169 तसं सांगतं. आजीची साक्ष भक्कम असेल तर शिक्षा टिकते. सगळी भिस्त कबुलीवरच असेल तर खाली काहीच नसतं. काकींचा 'सुटला कसा' बहुतेक वेळा तिथलाच.

आणि साक्ष तरी कशी हाताळली जाते? नाशिक जिल्ह्यात 2003 साली एका झोपडीवर दरोडा पडला, पाच माणसं मारली गेली. वाचलेल्या आईने दोन दिवसांत पोलिसांच्या अल्बममधून चार चेहरे दाखवले. खटला चालला भलत्याच सहा जणांवर. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तोवर त्यांची जवळजवळ 16 वर्षं तुरुंगात गेली होती. आईने बोट ठेवलेल्या त्या चार चेहऱ्यांचा तपास कुणी केलाच नव्हता.