पाळीव पक्ष्यांच्या पायाच्या किरकोळ इजा व घरगुती शुश्रूषा

पिंजऱ्यातील पक्ष्याच्या नखाला, बोटाला किंवा तळव्याला झालेली, पण हाड व सांधा शाबूत असलेली इजा. नख मुळाशी तुटणे, कातडी खरचटणे, बोटाला धागा करकचणे आणि तळवा लालसर होऊन हुळहुळणे हे तिचे नेहमीचे प्रकार होत. पुण्यातील घरांत बजरीगर, कॉकटील, आफ्रिकी लव्हबर्ड व फिंच हे पक्षी प्रामुख्याने आढळतात. बाजारात मात्र बजरीगरलाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. फोनवरून औषधाची मात्रा विचारताना हा घोळ अंगाशी येऊ शकतो, कारण बजरीगरचे वजन ३०–४० ग्रॅम, तर खऱ्या लव्हबर्डचे ४०–६० ग्रॅम असते.

भारतीय परंपरेत पाळलेल्या पक्ष्यांची निगा व चिकित्सा यांवरील लेखन शिकारी ससाण्यांच्या संदर्भात आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या *मानसोल्लासात* (बारावे शतक, पूर्वार्ध) श्येनविनोदाचे (ससाण्यांकरवी शिकारीच्या खेळाचे) प्रकरण आहे. कुमाऊँच्या रुद्रदेवाच्या *श्यैनिकशास्त्रात* ससाण्यांच्या आजारांवरील उपायही येतात. त्याचा काळ सामान्यतः सोळावे शतक मानतात. कठीण, सपाट बैठकीमुळे तळव्याला होणारा जो विकार आज ‘बंबलफूट’ म्हणून ओळखला जातो, तो ससाणे पाळणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

पायाची रचना : पोपटवर्गीय पक्ष्यांची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात, फिंच, कॅनरी व कबुतर यांची तीन पुढे व एक मागे. बोटांत स्नायू जवळजवळ नसतात. पकड येते ती वरच्या स्नायूंपासून खाली उतरणाऱ्या कंडरांमुळे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांमुळे). ही पकड झोपेतही कशी टिकते, हा जुना वाद आहे. पक्षी खाली बसला, म्हणजे घोटा दुमडला, की कंडरा ताणल्या जातात आणि बोटे आपोआप मिटतात, असे स्पष्टीकरण इटालियन शास्त्रज्ञ जोव्हानी बोरेली याने मांडले (त्याचा ग्रंथ मरणोत्तर १६८०–८१ मध्ये प्रसिद्ध झाला). तेच पुढे पाठ्यपुस्तकांत रुळले. कंडरेच्या खालच्या बाजूचे बारीक उंचवटे तिच्या आवरणातील कंगोऱ्यांत अडकतात, अशी कुलपासारखी दुसरी योजनाही नंतर वर्णिली गेली. मात्र २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोपीय मैनांवरील प्रयोगांत झोपलेल्या पक्ष्यांची बोटे जेमतेम वाकलेली आढळली. दांडीवर ते पकडीने नव्हे, तोल सांभाळून बसले होते. कुलपाची योजना त्यामुळे बाद होत नाही, परंतु किमान या जातीपुरते तरी बोरेलीचे स्पष्टीकरण अपुरे ठरते. शुश्रूषेच्या दृष्टीने मुद्दा असा, की एक पाय दुखावलेल्या पक्ष्याचा तोल रात्री जाऊ शकतो. म्हणून दांडी तळापासून दोन-तीन बोटांवर उतरवावी व खाली घडी केलेले फडके अंथरावे.

रक्तस्राव : पक्ष्याच्या शरीरात वजनाच्या सुमारे एक दशांश रक्त असते, ३५ ग्रॅमच्या बजरीगरात साडेतीन मिलिलिटर. त्याचा दहावा भाग, म्हणजे सातएक थेंब, गेला तरी निरोगी पक्षी सहसा सोसतो. पक्ष्याला जुन्या सुती पंच्यात धरावे. टर्किश टॉवेलच्या फासांत नखे अडकतात आणि तुटलेले नख पुन्हा हिसकले जाते. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीच्या हालचालीवरच श्वास चालतो. म्हणून पकड मानेभोवती सैल असावी आणि छाती मोकळी राहावी. नखाच्या टोकावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर (पांढरे, भाकरीचे पिवळे मक्याचे पीठ नव्हे) लावून दोन-तीन मिनिटे हलके दाबून धरावे. तुरटीची पूड चालते, पण नखापुरतीच. कातडीच्या जखमेत ती झोंबते.

जखम धुणे : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम (सुमारे दीड सपाट चहाचा चमचा) मीठ विरघळवून ते वापरावे. पोव्हिडोन आयोडीन घालायचे तर पाण्याला फिक्या, बिनदुधाच्या चहाचा रंग येईल इतकेच. हायड्रोजन पेरॉक्साइडने नवी ऊती दुखावते. बधिर करणारी मलमे पक्ष्यांना विषारी ठरू शकतात.

हळदीविषयी मतभेद आहेत. तिचे जंतुरोधी गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत आणि मराठी घरात जखमेवर पहिला हात हळदीच्या डब्याकडेच जातो. परंतु पक्षी ती चोचीने काढून खातो आणि पिवळ्या थराखाली लाली व सूज दिसेनाशी होते, म्हणजे ज्यावर लक्ष ठेवायचे तेच झाकले जाते. हळद-तेल याहून वाईट, कारण तेलकट पिसे ऊब धरीत नाहीत. पुण्यात हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास येते. गॅलरीतील पिंजरा अशा वेळी आत घ्यावा. आजारी पक्ष्याला सुमारे ३० अंशांची ऊब मानवते. प्रस्तुत नोंदीत साध्या मीठपाण्यालाच पसंती दिली आहे.

कारणे : पुष्कळदा दोष पिंजऱ्याच्या दांडीत असतो. पिंजऱ्याबरोबर मिळणारी गुळगुळीत, एकाच जाडीची दांडी तळव्याच्या ठराविक जागी दिवसरात्र दाब देते. सँडपेपर चढवलेली दांडी तळवा सोलते. पेरूच्या किंवा शेवग्याच्या कमीजास्त जाडीच्या, धुऊन वाळवलेल्या फांद्या बऱ्या. रस्त्याच्या दुभाजकांवर दिसणारी कण्हेर विषारी असल्याने तिची फांदी कधीही लावू नये. नुसत्या राळ्यांवर वाढलेल्या पक्ष्यात ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडून तळव्याची त्वचा कमजोर होते. गाजर, पालक, शेवग्याचा पाला द्यावा.

घरगुती उपायांची मर्यादा : दहा मिनिटांत न थांबणारे रक्त, काळे पडणारे बोट, तळव्यावरील काळी खपली, पायातील (ओळखीसाठी घातलेल्या) कडीखाली आलेली सूज आणि मांजराचा दात लागणे (ओरखडा दिसो वा न दिसो) यांसाठी पशुवैद्यच हवा. कडी घरी कापू नये. पायावरचे पांढरे, सच्छिद्र खवले ही इजा नसून माइट या सूक्ष्म परजीवी किडीचा प्रादुर्भाव असतो. बजरीगर जखमेशिवाय एकाच पायाने लंगडत असेल, तर मूत्रपिंडाच्या गाठीची शंका घेतात, कारण पायाकडे जाणाऱ्या नसा मूत्रपिंडातून जातात. एक पाय पिसांत ओढून झोपणे मात्र स्वाभाविक आहे.

देशी राघू पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बेकायदेशीर आहे; जखमी राघू सापडल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.