आवाज दहा वॉट, उष्णता बत्तीस वॉट: घरगुती ॲम्प्लिफायरची पार्श्वभूमी

एप्रिल १९६९च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात जॉन लिन्सले हूड यांनी एका ॲम्प्लिफायरचं सर्किट छापलं. चार ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, आणि आठ ओहमच्या स्पीकरला दहा वॉट. सप्लाय २७ व्होल्टचा आणि त्यातून अखंड वाहणारा करंट १.२ अँपिअर. गुणाकार केला की ३२ वॉट भरतात. गाणं बंद असताना हे सगळे ३२ वॉट उष्णता होऊन बाहेर पडतात. उलट गाणं जोरात लागलं की त्यातले थोडे स्पीकरकडे जातात आणि ट्रान्झिस्टरला जरा थंडावा मिळतो. स्टीरिओ केला तर हिशेब ६५ वॉटवर जातो. हे सर्किट आजही लोक हौसेनं बनवतात, आणि बनवणाऱ्याचा बहुतेक खर्च सर्किटवर होत नाही, ॲल्युमिनियमवर होतो, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या पात्यांच्या ठोकळ्यावर, हीटसिंकवर.

घरी ॲम्प्लिफायर बनवण्याची गोष्ट एरवी आवाजाच्या दर्जाची म्हणून सांगितली जाते. पण प्रत्येक पिढीचं सर्किट असंच का दिसतं, हे विचारायला गेलं की उत्तर बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं: तयार झालेली उष्णता टाकायची कुठे?

ट्रान्झिस्टरच्या आधी व्हॉल्व्ह होते, काचेच्या नळ्यांसारखे. त्यांच्या काळात हा प्रश्न फारसा कुणाला पडत नव्हता. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत त्याच मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचं सर्किट आलं आणि जगभरच्या हौशी मंडळींनी ते उचललं. शेवटच्या टप्प्यात दोन केटी६६ व्हॉल्व्ह, १५ वॉट, आणि डिस्टॉर्शन, म्हणजे सुराची मोडतोड, ०.१ टक्क्याच्या आत. त्या वेळी हा आकडा थक्क करणारा होता. घरी बनवणाऱ्याची खरी अडचण असायची ती व्हॉल्व्ह आणि स्पीकर जुळवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याची. उष्णतेचं ओझं व्हॉल्व्ह स्वतःच वाहत असे. त्याचा हीटर तापलेला नसेल तर तो कामच करत नाही. त्याची काच हाताला चटका देण्याइतकी गरम असणं हीच त्याची तब्येत ठीक असल्याची खूण. ईएल३४ सारखा व्हॉल्व्ह फक्त हीटरवर साडेनऊ वॉट खातो, सुराचा पत्ताही नसताना. ही उष्णता काचेतून थेट हवेत फेकली जाते. त्यामुळे काळजी एवढीच घ्यायची की वर जाळी असावी, दोन व्हॉल्व्हमध्ये अंतर असावं आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर त्यांना खेटून नसावेत. कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा ढोबळ नियम आजही लागू आहे. १९५९ साली अमेरिकेत डायनाकोनं ‘स्टीरिओ ७०’ हा किट आणला. दोन चॅनेल, प्रत्येकी ३५ वॉट, छोट्याशा चेसिसवर दाटीवाटीनं बसवलेले आणि वरून भोकांचा पत्रा. हजारो लोकांनी तो घरच्या टेबलावर जोडला आणि तो वर्षानुवर्षं चालला.

ट्रान्झिस्टर आला आणि हा निवांतपणा संपला.

सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. आतल्या जंक्शनचं (थरांच्या सांध्याचं) तापमान जेमतेम ७५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत चालायचं; त्यापुढे ट्रान्झिस्टर गेला. शिवाय त्यांना गळतीची खोड. ट्रान्झिस्टरला तीन टोकं: बेस, कलेक्टर आणि एमिटर. बेस या नियंत्रणाच्या टोकाला काही न देताही कलेक्टरमधून थोडा करंट झिरपतो, आणि तापमान आठ-दहा अंशांनी चढलं की ही गळती दुप्पट होते. गळती वाढली की ट्रान्झिस्टर अधिक तापतो, अधिक तापला की गळती अधिक. हे चक्र एकदा सुरू झालं की काही मिनिटांत आउटपुटच्या ट्रान्झिस्टरची जोडी जळून जाते. याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात.

म्हणून त्या काळातल्या सर्किटांत एमिटरला छोटे रेझिस्टर, बायसच्या (शांततेतही ट्रान्झिस्टरला थोडा करंट देणाऱ्या) साखळीत थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर) किंवा डायोड, आणि ट्रान्झिस्टरच्या अंगावर ॲल्युमिनियमची क्लिप दिसते. एसी१८७ आणि एसी१८८ ही युरोपातली लाडकी जोडी. तिची ‘के’ नावाची आवृत्ती तर स्क्रू मारायला भोक असलेल्या चौकोनी धातूच्या ठोकळ्यातच यायची. उष्णता चेसिसच्या पत्र्यात ढकलायची, इतकाच तिचा हेतू. आपल्याकडे हे तंत्रज्ञान १९६०च्या दशकात रुजलं. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आधी व्हॉल्व्ह आणि पाठोपाठ जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवू लागली होती.

सर्किटं मात्र बहुतांश ब्रिटिश आणि डच पुस्तकांतून आलेली, आणि त्यांत खोलीचं तापमान २५ अंश धरलेलं. लंडनमध्ये ते ठीक. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूरला खोलीतच ४३ अंश असतील तर? मर्यादा ७५ची धरली, तर लंडनच्या ट्रान्झिस्टरला तापायला ५० अंशांची जागा मिळते, नागपूरच्या ट्रान्झिस्टरला ३२. म्हणजे तोच हीटसिंक, तेच सर्किट, आणि झेपणारी पॉवर जवळपास दोन तृतीयांश. पुस्तकात बघून तंतोतंत जोडलेला सेट उन्हाळ्यात उडाला, तर दोष जोडणाऱ्याच्या हाताचा असेलच असं नाही.

सिलिकॉननं यातून सोडवलं. अमेरिकेच्या आरसीए कंपनीनं १९६०च्या दशकात बाजारात आणलेला २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर हौशी जगाचा कणा ठरला. दोन भोकांचा, पतंगाच्या आकाराचा, ‘टीओ-३’ नावाचा धातूचा डबा, जंक्शनची मर्यादा २०० अंश, आणि डेटाशीटवर उष्णता झेपण्याची क्षमता ११५ वॉट. या ११५ ला अनेक जण फसले, अजूनही फसतात. तो आकडा डब्याचं तापमान २५ अंशांवर धरून ठेवलं तरच खरा. डबा १०० अंशांना पोचला की उरतात सुमारे ६५. खरेदी करताना डोळा ११५ वर जातो, आणि खालचा उताराचा आलेख कुणी बघत नाही.

या डब्याचा धातू म्हणजेच कलेक्टर. तो सरळ हीटसिंकला टेकवला तर शॉर्ट. मधे अशी चकती हवी जी वीज अडवेल आणि उष्णता सोडेल. हे काम अभ्रक करतो, आणि इथे भारताचा वाटा मोठा आहे. त्या काळात जगाला लागणाऱ्या पत्रीच्या अभ्रकाचा फार मोठा हिस्सा आजच्या झारखंडमधल्या कोडरमा-हजारीबाग पट्ट्यातून जात असे. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना पांढरं सिलिकॉन ग्रीस लावायचं ते खाचखळग्यांतली हवा हटवायला. थर पातळच हवा. जाड लेप दिला की काम जास्त पक्कं होतं असं पुष्कळांना वाटतं, प्रत्यक्षात उष्णतेची वाट त्यानं अडते.

लिन्सले हूड यांच्या सर्किटाला हा हिशेब लावून बघू. दोन आउटपुट ट्रान्झिस्टर, प्रत्येकी १६ वॉट. दोघांना मिळून असा हीटसिंक, जो दर वॉटला एक अंश तापतो. खोली ४३ अंश, म्हणून हीटसिंक ७५. जंक्शनपासून डब्यापर्यंत दर वॉटला दीड अंश, अभ्रक आणि ग्रीस मिळून अर्धा. म्हणजे आणखी ३२. जंक्शन १०७ अंशांवर. सिलिकॉनला हे सहज झेपतं. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर इथपर्यंत जिवंत पोचलाच नसता. अर्थात ७५ अंशांच्या हीटसिंकवर बोट टेकवून बघायचं धाडस करू नये, आणि घरात लहान मूल असेल तर तो डब्याबाहेर उघडा ठेवूच नये.

करंट असा अखंड वाहता ठेवणाऱ्या सर्किटाला क्लास ए म्हणतात. मग सगळेच क्लास ए का बनवत नाहीत? कारण मोठा आवाज हवा असतो. क्लास बीमध्ये दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीनं काम करतात आणि शांततेत दोघेही जवळजवळ बंद असतात. इथे एक गंमत आहे, जी अनेक जाणत्यांनाही चटकन पटत नाही: असा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजाला सर्वांत जास्त तापत नाही. अखंड एकसुरी सिग्नल दिला, तर कमाल उष्णता पूर्ण पॉवरच्या सुमारे ४० टक्क्यांवर निघते. ५० वॉटचा सेट २० वॉटवर चालवा, तेव्हा तो सर्वांत गरम.

क्लास बीत खोट असते ती शून्याजवळ. एक ट्रान्झिस्टर सोडतो आणि दुसरा पकडतो त्या क्षणी सूर अडखळतो. तो सांधा बुजवायला दोघांनाही थोडा करंट कायम द्यावा लागतो, आणि तो नेमका हवा. सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टनं उतरतो. हीटसिंक ४० अंशांनी तापला की ८० मिलिव्होल्टचा फरक पडतो; करंट अनेक पटींनी वाढायला तेवढा पुरेसा आहे. यावरचा तोडगा म्हणून बायस ठरवणारा एक छोटा ट्रान्झिस्टर आउटपुटच्या शेजारी हीटसिंकवरच बसवतात. ते तापले की हा तापतो आणि बायस उतरवतो. पण हीटसिंक जड असतो, त्याला तापायला मिनिटं लागतात, आणि आतली चिप तर ढोलाच्या एका ठोक्यासरशी तापते. म्हणून हा छोटा ट्रान्झिस्टर नेमका कुठे चिकटवावा, हीटसिंकवर की थेट आउटपुट ट्रान्झिस्टरच्या पाठीवर, हा वाद अजून मिटलेला नाही. मला पाठीवर बसवण्याची बाजू पटते. १९७५ साली पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीनं ‘४०५’ काढला, तेव्हा त्यांनी या वादालाच बगल दिली: छोटा, अचूक ॲम्प्लिफायर सूर सांभाळतो, मोठे ट्रान्झिस्टर बायसशिवाय नुसता करंट ओततात. बायस नाही म्हणून बायस जुळवायचा स्क्रूही नाही.

आपल्याकडे या सगळ्याचं रूप जरा वेगळं झालं. आयात परवान्यांच्या काळात परदेशी हायफाय सेट सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होता. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली इथून सुटे भाग आणून ‘असेंबल’ केलेला सेट हाच मार्ग. दिल्लीहून १९६९ पासून निघणारं ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ सर्किटं पुरवायचं. पुढे आयसी, म्हणजे सगळं सर्किट एकाच चिपमध्ये असलेले भाग, आल्या आणि काम फारच सोपं झालं. टीडीए२०३० आणि सान्योची एलए४४४० यांनी घराघरांत ॲम्प्लिफायर नेला. ‘फोर फोर फोर झीरो’ म्हटलं की दुकानदार पुढचं काही विचारत नसे. यांच्या पोटातच तापमानावर पहारा असतो. मर्यादा ओलांडली की आयसी आपलं काम थांबवते. नॅशनल सेमिकंडक्टरची एलएम३८८६ १६५ अंशांना बंद होते आणि १५५ला परत सुरू. गाणं मधेच तुटतं, थोड्या वेळानं आपोआप लागतं. अशा वेळी लोक वायर हलवून बघतात. हीटसिंक मोठा करावा हे फार उशिरा सुचतं. जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा कूलर भंगारातून आणून यावर बसवणं ही अलीकडची पद्धत खरोखर चांगली आहे. त्याच्या १२ व्होल्टच्या पंख्याला सात-आठ व्होल्ट दिले तर घरघरही ऐकू येत नाही.

पंखा नको असेल तर हीटसिंकच्या पात्या उभ्या ठेवाव्यात. गरम हवेला वर जायला वाट मिळते. आडव्या पात्यांमध्ये ती कोंडते.

उष्णताच निर्माण होऊ द्यायची नाही, ही कल्पनाही जुनी आहे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ मध्येच ‘एक्स-१०’ हा क्लास डी किट विकायला काढला होता. ट्रान्झिस्टरनं एकतर पूर्ण चालू राहायचं किंवा पूर्ण बंद, म्हणजे मधे तापायचा प्रश्नच नाही. त्या वेळचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगानं उघडझाप करण्याच्या लायकीचे नव्हते, आणि कागदावरचे दहा वॉट कागदावरच राहिले. ही कल्पना हौशी लोकांच्या हाताला स्वस्तात लागायला नव्या शतकात ट्रायपाथच्या टीए२०२० सारख्या चिप याव्या लागल्या. आज काही शे रुपयांच्या क्लास डी बोर्डावर काडेपेटीएवढा हीटसिंक पुरतो.

तरीही नेल्सन पास यांच्यासारखा जाणता डिझायनर हौशी लोकांसाठी क्लास एचीच सर्किटं देत राहिला. त्यांच्या ‘ॲम्प कॅम्प ॲम्प’मध्ये डब्याच्या दोन बाजू म्हणजेच हीटसिंक.

२एन३०५५ तर अजून मिळतो. फक्त आता त्यात नकली माल फार आहे. टीओ-३चा डबा खरा, छपाई खरी वाटावी अशी, आणि आत चिप एवढीशी. मीटरवर तो चांगला दिसतो, कमी आवाजाला वाजतोही. पण लहान चिपमधून उष्णता डब्यापर्यंत पोचत नाही, आणि हीटसिंक कोमट असतानाच ट्रान्झिस्टर जातो. म्हणून मोठी खरेदी करणारे जाणते लोक त्यातल्या एकाचं टोपण करवतीनं कापून आतली चिप डोळ्यांनी बघतात आणि मगच बाकीचे बसवतात.