कोड नव्हे, माणूस फोडतात

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट. आयटीत पाय ठेवू पाहणाऱ्या आपल्याकडच्या पोरांची ही नेहमीची वारी. त्यांनी एक सापळा ओळखून ठेवावा. लिंक्डइनवर परदेशी कंपनीचा रिक्रूटर गाठतो, घसघशीत पगार सांगतो आणि ‘छोटीशी टेस्ट’ म्हणून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचा प्रोजेक्ट चालवून दाखवायला लावतो. ‘एनपीएम’ म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या गठ्ठ्यांचं, म्हणजे पॅकेजांचं, कोठार. ‘एनपीएम इन्स्टॉल’ म्हटलं की पॅकेजमधल्या काही स्क्रिप्ट आपोआप चालू शकतात, त्यामुळे कोड नंतर वाचून उपयोग नाही. २०२३मध्ये उघड झालेल्या अशाच मोहिमेतलं ‘बीव्हरटेल’ हे घातक सॉफ्टवेअर ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरायचं. समोरचा कितीही घाई करो, अनोळखी कोड व्हर्च्युअल मशीनमध्येच, म्हणजे संगणकातल्या वेगळ्या आभासी संगणकातच चालवावा.

ही झाली भुरटी चोरी. खरा दरोडा सबुरीने घातला जातो.

एक्सझेड यूटिल्स हे फाइल लहान करणारं साधन लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या जवळपास प्रत्येक अवतारात असतं आणि ते वर्षानुवर्षं लासे कॉलिन हा एकटाच, फुकट सांभाळत होता. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीचा सेक्रेटरी आठवा: राबतो एकटा, बोल लावायला सगळे. ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी कामाला हातभार लावू लागलं. २०२२मध्ये इतर काही नावांनी तक्रारी सुरू केल्या, कामं रखडतात, दुसरा माणूस नेमा. ती खातीही बहुधा बनावटच. मन:स्वास्थ्य ठीक नसल्याचं कॉलिनने सांगूनही रेटा थांबला नाही. हळूहळू जिया टॅनच्या हाती अधिकार आले आणि फेब्रुवारी २०२४मध्ये ५.६.० आवृत्तीतून चोरदरवाजा बाहेर पडला. घातक भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता आणि तो जागा करणारी ओळ फक्त डाउनलोडच्या गठ्ठ्यात होती, सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हती.

हा चोरदरवाजा सापडला अर्ध्या सेकंदामुळे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायला, ०.३ऐवजी ०.८ सेकंद लागताना दिसले. दुसरा कुणी खांदे उडवून पुढे गेला असता. हा खोदत बसला आणि २९ मार्चला त्याने जगाला सावध केलं.

सप्टेंबर २०२५मध्ये तर एक ईमेल पुरली. ‘टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) अपडेट करा, नाहीतर खातं बंद’ असा मजकूर, पत्ता एनपीएमसारखाच, फक्त शेवटी ‘डॉट हेल्प’. एका अनुभवी डेव्हलपरने तपशील भरले आणि आठवड्याला अब्जावधी वेळा उतरवली जाणारी पॅकेजं बाधित झाली. ओटीपी इथे वाचवत नाही, कारण तो माणूस स्वत:च टाइप करून देतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल चावी, मात्र मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. नकली पानावर ती चालतच नाही.

जिया टॅनपुढे पासकीही निरुपयोगी, कारण त्याला चावी मालकाने स्वत: दिली होती. तिथे उपाय दोनच: डाउनलोडचा गठ्ठा थेट सार्वजनिक कोडमधूनच तयार व्हावा, आणि ज्या कंपन्या असं फुकटचं साधन वापरतात त्यांनी ते सांभाळणाऱ्याला पगारी जोडीदार द्यावा. दुसऱ्या उपायाला पैसे लागतात, म्हणून चर्चा नेहमी पहिल्याचीच होते.